शिट्टीवाल्या बाई

जुईला घेऊन दवाखान्यातून घरी येऊन आम्हाला आठवडा झाला असेल. भर दुपारी आमच्या घरमालकीण बाई जिना चढून वर आल्या आणि दारातच उभं राहून त्यांनी तक्रार केली, की तुमच्या घरातल्या रडण्याने मला झोप लागत नाही. मी ओशाळून म्हटलं, बाई, तान्हं मूल आहे, रडणारच. त्यांनी पायातले बूट न काढता आत येऊन पाळण्यात डोकावून पाहिलं. जुई मुठी आवळून गाढ झोपली होती.

"पोट्टी कुठी रडून राहिली?" बाई म्हणाल्या. "ती तं चूप आहे. तुम्ही सारे रडून राहिले."

ते खरंच होतं. मी आतल्या खोलीत रडत होते, माझी आई स्वयंपाकघरात, सासूबाई देवापुढे, आणि माझा नवरा प्रशांत न्हाणीघरात नळ सोडून. चार माणसं चार कोपऱ्यांत, एकमेकांना कळू नये म्हणून तोंडात पदर आणि रुमाल कोंबून. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं, की मुलीला डाउन सिंड्रोम आहे, हृदयात एक बारीक छिद्रही आहे, ते कदाचित आपोआप बुजेल. बाकी काय सांगितलं ते आम्हाला दोघांनाही आठवत नव्हतं.

बाईंनी विचारलं, नाव काय ठेवलं. सासूबाईंनी डोळे पुसत सांगितलं, की बारसं वगैरे काही करायचं नाही असं चाललंय. बाईंनी थोडा विचार केला.

"नाव नाही ठेवलं तं हाक कशी मारान तिले?"

टोमणा नव्हता तो. त्या खरोखर उत्तराची वाट पाहत उभ्या राहिल्या. आमच्यातल्या कुणाकडेच उत्तर नव्हतं, म्हणून बारसं झालं. बाई संत्र्याची बर्फी घेऊन आल्या आणि नाव ठरवायला बसलेल्या बायकांना त्यांनी बजावलं, की लांबलचक संस्कृत नाव ठेवू नका, तिचं नाव तिला स्वतःला घेता आलं पाहिजे. तिची जुई झाली ती अशी.

नागपुरात धरमपेठेतल्या एका आतल्या गल्लीत बाईंचं दोन मजली घर होतं. खाली त्या एकट्या, वर आम्ही भाडेकरू. मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर पीटी शिकवली. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलंच, तर "वेळ नव्हता" म्हणायच्या. निवृत्त झाल्या तरी पोशाख तोच राहिला: साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी. दूधवाल्याला थांबवायला शिट्टी, फाटकावर झोके घेणाऱ्या पोरांना शिट्टी, कुंपणात तोंड घालणाऱ्या गाईला शिट्टी. एकदा माझं वरण करपलं आणि वास खाली गेला, तेव्हा मलाही अंगणातून शिट्टी ऐकू आली होती. अख्खी गल्ली त्यांना शिट्टीवाल्या बाई म्हणायची. त्यांना ते माहीत होतं, आणि आवडायचंही.

मे महिन्यात सगळं नागपूर कूलरपुढे आडवं पडलेलं असताना बाई पदराच्या टोकाला कांदा बांधून लुनावरून हिंडायच्या. ऊन लागत नाही, ऊन लागण्याची भीती लागते, असं त्यांचं म्हणणं. चहा इतका कडू करायच्या, की आमच्याकडे आलेले पाहुणे खाली जाऊन येतो म्हणाले की मी त्यांना सावध करत असे. कॅरममध्ये सरळसरळ खोटं खेळायच्या. आपली सोंगटी बोटाने भोकाकडे सरकवायच्या आणि समोरच्याने पकडलं तर म्हणायच्या, पाहत होती मी, तुझं लक्ष आहे की नाही. पुढे जुई त्यांना पकडायला शिकली. त्या दोघींची कॅरमवरची भांडणं वर आमच्या गॅलरीपर्यंत ऐकू येत. बाईंच्या सहवासात राहून जुईची बोलीही त्यांच्यासारखीच झाली. माझ्या आईला ते कधीच पटलं नाही.

माझी बाळंतपणाची रजा संपत आली, तेव्हा नोकरी सोडायची हे जवळजवळ ठरल्यातच जमा होतं. माझी आई, सासूबाई, कचेरीतल्या मैत्रिणी, सगळ्यांचं एकमत होतं, की असं मूल घरात असताना आईने बाहेर पडू नये. बाईंना मी हे जिन्यात सांगितलं. त्यांनी विचारलं, घरी बसून दिवसभर काय करशील. मी म्हटलं, तिच्याकडे पाहीन.

"दिवसभर? मंग ती कंटाळन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं वेळापत्रक जाहीर केलं. सकाळी माझ्या आईने महाल भागातल्या आपल्या घरून यावं, दुपारी जेवून परत जावं, आणि मी कचेरीतून येईपर्यंत जुई खाली राहील. त्यांना कुणी विनंती केली नव्हती. किती दिवस जमेल, असं मी चाचरत विचारलं, तर त्या म्हणाल्या की जमते का पाहू हे भैताडांचं, खुळ्यांचं बोलणं आहे, करायचं ठरवलं की जमवायचं असतं. मी नोकरी सोडली नाही. आज त्याच कचेरीत मी माझ्या विभागाची प्रमुख आहे.

बाईंचा एक हट्ट सुरुवातीला मला फार जड गेला. भाजीवाली असो की लग्नातली कुणी बाई, जुईकडे बघून माणसं मला विचारायची: हिला काय होतं? ही बोलते का? हिला कळतं का? शेजारी बाई असल्या की म्हणायच्या, "तिलेच विचार ना." जुई तेव्हा दोन वर्षांची. तिला एक शब्द बोलता येत नव्हता. तरी बाई थांबायच्या, विचारणारीलाही थांबावं लागायचं, आणि त्या अवघड शांततेत मी घामाघूम व्हायची. घरी येऊन मी एकदा चिडले, की तिला बोलता येत नाही हे माहीत असून तुम्ही असं का करता. त्या म्हणाल्या, तिला बोलता येत नाही, पण आपली पाळी आली हे तर कळलं पाहिजे. पुढे काही महिन्यांनी पाहिलं, की कुणी प्रश्न विचारला की जुई मान वर करते, विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहते आणि ओठ हलवते. आवाज येत नव्हता. पण पाळी आपली आहे हे तिला कळलं होतं.

वाचा सुधारण्यासाठी ज्या मॅडमकडे आम्ही जायचो, त्यांनी ओठांना आणि जिभेला बळ यावं म्हणून फुंकण्याचे व्यायाम सांगितले होते. मेणबत्ती विझव, कागदाचा कपटा उडव, असले. बाईंनी ते ऐकलं आणि बाजारातून प्लास्टिकची लाल शिट्टी आणली. कितीतरी महिने त्या शिट्टीतून नुसती लाळ गळत होती. बाई ती रोज धुवायच्या, रोज जुईच्या तोंडात द्यायच्या आणि समोर बसून स्वतःची शिट्टी फुंकून दाखवायच्या. एका उन्हाळ्यात दुपारी गल्ली झोपलेली असताना शिट्टी वाजली. बारीक, फाटकी, पण शिट्टीच. रविवार असल्याने मी घरी होते. मला वाटलं बाई असतील. गॅलरीत येऊन पाहते तर बाई झोपेतून उठून अंगणात धावत आल्या होत्या, अनवाणी. त्यांना बुटांशिवाय मी तेवढं एकदाच पाहिलं. अंगणात जुई लाल शिट्टी धरून उभी होती आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली होती. त्यानंतर गल्लीने बरेच महिने सोसलं. समोरच्या निवृत्त साहेबांनी तक्रार केली, तेव्हा बाईंनी त्यांना सांगितलं की कानात कापूस घाला, इथी अभ्यास चालू आहे.

बाई कधी चुकत नसत असं मात्र नाही. जुई पाच वर्षांची झाली तोवर हृदयातलं छिद्र बुजलं होतं आणि बाईंना आता काहीही अशक्य वाटेनासं झालं होतं. सकाळी गच्चीवर त्यांची पीटी चाले. खडूच्या रेघेवरून चालणं, चेंडू झेलणं, शिडीची खालची पायरी चढणं-उतरणं. मग त्यांनी सतरंजी अंथरून कोलांटी शिकवायला घेतली. जुईला ती फार आवडली. तपासणीच्या वेळी मी कौतुकाने डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांचा चेहराच बदलला. अशा मुलांच्या मानेचे सांधे सैल असू शकतात, कोलांटी उडी चुकली तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते, हे त्यांनी मला समजावलं. घरी आले ती थेट खाली गेले. बाईंना मी तोंडाला येईल ते बोलले. तुमची हौस होते आणि जीव माझ्या पोरीचा जातो, असंही बोलले. बाई हात शरीराला चिकटवून ताठ उभ्या राहिल्या आणि सगळं ऐकून घेतलं. एवढी वर्षं शिकवलं आहे मी, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी क्ष-किरण तपासणीला त्या न बोलावता आल्या. निकाल चांगला निघाला, तरी मानेवर भार येईल असं काही करू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग बाईंनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. पोहणं चालेल का, दोरीवरच्या उड्या चालतील का, पळताना पडली तर काय पाहायचं. बाहेर ताटकळणारे लोक दार उघडून डोकावू लागले तरी त्या उठेनात. जिन्याशी आल्यावर मला म्हणाल्या, "मी चुकली. मले माहीत नव्हतं, आणि मी विचारलं नाही." तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी जुईला समोर उभं केलं आणि तिलाही सांगितलं, की कोलांटी बंद, चूक माझी आहे. जुईने रडून गोंधळ घातला आणि बाईंशी तीन दिवस कट्टी केली. बाईंनी ती निमूट भोगली. पुढे काहीही नवीन सुरू करण्याआधी त्या लुना काढून डॉक्टरांकडे जायच्या. डॉक्टर मला एकदा म्हणाले, तुमच्या त्या बाईंना माझ्याकडून सांगा, चालणं विचारल्याशिवाय चालेल.

रामटेकचा प्रसंग घडला तेव्हा जुई सात वर्षांची होती. माझं सासर रामटेकचं. धानाची शेती, मोठं अंगण, देवभक्त माणसं. माझी नणंद वैशाली लग्नाची होती आणि भंडाऱ्याचे लोक तिला पाहायला येणार होते. सासूबाईंचा फोन आला, की तुम्ही दोघं या, पण जुईला तेवढ्या दिवसापुरतं महालात आईकडे ठेवा. सासूबाई वाईट नव्हत्या. जुई तान्ही असताना नागपुरात राहून तिला तेल लावून न्हाऊ घातलं होतं त्यांनी, तिच्यासाठी उपास धरले होते. पण घरात असं मूल आहे हे पाहून पाहुणे परत गेले तर, ही भीती त्यांना होती, आणि ती भीती खोटी नव्हती. प्रशांत म्हणाला, बघू. आईसमोर तो नेहमी बघूच म्हणायचा.

मी खाली जाऊन बाईंना सांगितलं. मला वाटलं त्या भडकतील आणि मग मला काय करायचं ते आपोआप ठरेल. त्यांनी फक्त विचारलं, तुला काय वाटतं. मला कळत नाही, असं मी म्हटलं.

"मंग कळून घे. तुझी पोट्टी आहे. मी काहून सांगू?"

रात्रभर नाही, पण संध्याकाळभर मी जिन्याच्या पायरीवर बसले होते. वैशालीचा विचार केला, सासूबाईंचा केला. मग हेही मनात आलं, की आज एक दिवस, उद्या हळदीचा एक दिवस, परवा लग्नाचा, मग तिच्या डोहाळजेवणाचा, आणि असे एकेक दिवस जोडत गेलो तर ह्या मुलीला घरात राहायला दिवस कुठला उरेल. वर गेले आणि प्रशांतला सांगितलं, जायचं तर तिघं जाऊ. सकाळी जुईचा फ्रॉक त्यानेच इस्त्री केला. खाली उतरलो तर बाई तयार. मलाही गडावर रामाच्या दर्शनाला जायचंच होतं, असं त्या म्हणाल्या. त्यांना देवळात जाताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आम्हाला पाहून सासूबाईंचा चेहरा उतरला, पण त्यांनी जुईला जवळ घेतलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, पाहुणे येईपर्यंत ह्या बाईंनी पोरीला घेऊन गडावर जावं, तेवढंच दर्शनही होईल. बाईंनी ऐकलं आणि जुईपुढे वाकून विचारलं, गडावर यायचं का. जुईने स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे पोह्यांना फोडणी पडली होती.

"नाही," ती म्हणाली. "पोहे."

"ती नाही म्हणते," बाईंनी सासूबाईंना कळवलं आणि खुर्चीवर बसून घेतलं.

पाहुणे आले. वैशाली बशा घेऊन बाहेर गेली आणि तिच्या मागोमाग जुईही एक बशी दोन्ही हातांनी धरून निघाली. हे काम तिला बाईंनी शिकवलेलं होतं. पोहे न सांडता तिने ती बशी मुलाच्या आत्यापुढे धरली. आत्याबाईंनी बशी घेतली, जुईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ही कोण. सासूबाई घाईघाईने म्हणाल्या, "या बाई आल्या ना नागपूरहून, त्यांच्यासंगं आली."

मी बाईंकडे पाहिलं. आता त्या बोलतील असं मला वाटलं. बाई पोह्यांकडे पाहत होत्या, आणि ओठ घट्ट मिटलेले होते. कोपऱ्यात प्रशांत बसला होता. तो उभा राहिला.

"माझी मुलगी आहे," तो म्हणाला. "जुई नाव आहे तिचं. जुई, इकडे ये, बस."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आमच्या, आणि आईने बोललेलं त्याने चारचौघांत खोडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. जुई त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि पोहे मागू लागली. पाहुण्यांनी चहा घेतला, शेतीपाण्याच्या गोष्टी केल्या. आठवड्याभराने निरोप आला, की पत्रिका जुळत नाही.

आमच्या घराला ते महाग पडलं. सासूबाई अंथरुणाला खिळल्यासारख्या झाल्या. वैशालीने मला फोनवर स्पष्ट सांगितलं, की वहिनी, तुमची मुलगी तुम्हाला प्यारी, मग माझं काय. तिचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. त्या दिवाळीला आम्ही रामटेकला गेलो नाही. प्रशांत रोज फोन हातात घेऊन बसायचा आणि ठेवून द्यायचा.

बाई मात्र गेल्या, लुनावरून, त्या वयात, नागपूरहून रामटेकला. आम्हाला सांगितलंही नाही. हे मला पुष्कळ वर्षांनी वैशालीकडूनच कळलं. तिने सांगितलं, की बाई धुळीने माखून दारात उभ्या राहिल्या, पाणी प्यायल्या आणि एकच विचारलं: दर सणाला भाचीला कुठं लपवायचं ते आठवत बसावं लागेल, असं घर तुला चाललं असतं का. वैशाली संतापली. तुमचं काय जातं, तुम्हाला ना मूल ना संसार, असं ती बोलून गेली. बाई म्हणाल्या, हो, ते बराबर आहे. मग जेवल्या, वांग्याच्या भाजीचं कौतुक केलं आणि परत गेल्या. दोन वर्षांनी वैशालीला उमरेडच्या एका शिक्षकाचं स्थळ आलं, तेव्हा पत्रिका काढण्याआधी तिने स्वतः त्याला फोन करून सांगितलं, की मला एक भाची आहे, आधी तिला भेटून घ्या. तो भेटला. त्या लग्नात जुई बँडपुढे इतकी नाचली, की वरात पुढे सरकेना, आणि तिला हाताला धरून बाजूला आणलं ते सासूबाईंनी. "माझी नात आहे," असं त्या वाजंत्रीवाल्याला सांगत होत्या, आणि तो बिचारा मान हलवत होता.

एवढं सगळं बाई का करतात, ह्याबद्दल गल्लीत बरेच तर्क होते. त्यांना असा एखादा भाऊ असावा, एखादं मूल होऊन गेलं असावं, काहीतरी प्रायश्चित्त असावं. मलाही वाटायचं. एकदा धीर करून विचारलं. बाई चकित झाल्या.

"काहून? घरात असं कोणी असल्याशिवाय कोणाले काही करता येत नाही का?" आणि मग म्हणाल्या, "पोट्टी दांडगी आहे. मले दांडग्या पोट्ट्या आवडतात."

त्यांच्यामागे दुसरी गोष्ट नव्हती. मी पुष्कळ शोधली.

आम्ही दुसरं मूल होऊ द्यावं, असा आग्रह सगळ्यांनी धरला होता. आमच्यामागे जुईला पाहायला कुणीतरी हवं, हे कारण. मी बाईंपाशी हे बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, मूल पाहिजे असेल तर होऊ दे, पण एकाला दुसऱ्याचा चौकीदार म्हणून जन्माला घालू नको. आम्ही दोघांनी पुष्कळ विचार केला आणि एकाच मुलीवर थांबलो. आमच्यामागे काय, हा प्रश्न आहेच. त्यावर वैशालीशी आणि तिच्या नवऱ्याशी आम्ही बसून बोललो आहोत. सगळं सुटलं आहे असं नाही. पण आता तो प्रश्न मांडून ठेवलेला आहे, कोपऱ्यात तोंड दाबून रडण्याचा राहिलेला नाही.

जुई एकोणीस वर्षांची झाल्यावर दोन चौक पलीकडच्या बेकरीत कामाला लागली. टोस्ट आणि खारी पाकिटांत भरायची, पाकिटं बांधायची, लेबल लावायचं. पहिले काही महिने मी तिला सोडायला जायची. मग बाईंनी सांगितलं, की आता ती एकटी जाईल. जुईचंही तेच म्हणणं होतं. पहिल्या दिवशी ती निघाली आणि थोड्या वेळाने मीही निघाले, तिला दिसू नये अशा बेताने, उभ्या ऑटोच्या आड, मग कडुनिंबाच्या बुंध्याआड. ती चौकात थांबली, दोन्हीकडे पाहिलं, रस्ता ओलांडू लागली, आणि माझ्या पाठीमागे कर्कश शिट्टी वाजली. वळून पाहते तर बाई लुनावर. शिट्टी मला होती. "घरी जा," त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, मग तुम्ही काय करून राहिल्या इथे. त्या म्हणाल्या, मी तुझ्यावर नजर ठेवून राहिली. आम्ही दोघी हसलो आणि दोघीही तिथेच उभ्या राहिलो, जुई बेकरीच्या दारात शिरेपर्यंत.

बाई गेल्या त्या गेल्या वर्षी, पावसाळा संपता संपता, एका दुपारी. जेवून आडव्या झाल्या आणि उठल्याच नाहीत. धुणंभांडी करणारीने हाक मारली तेव्हा कळलं. प्रशांतने पुण्याला त्यांच्या पुतण्याला फोन केला. तो विमानाने निघाला. गल्लीतली माणसं जमली. जुई तेव्हा बेकरीत होती, आणि ती यायच्या आत तिला काय सांगायचं ह्यावर सगळ्यांचं बोलणं सुरू झालं. माझी आई म्हणाली, बाई गावाला गेल्या म्हणून सांग, आठ दिवसांत विसरेल. समोरच्या साहेबांचंही तेच मत. एक जण म्हणाली, तिला महालात नेऊन ठेवा, नाहीतर घाबरेल. सगळेच प्रेमाने बोलत होते. मी प्रशांतकडे पाहिलं. तो म्हणाला, खरं सांगू.

जुई आली तशी मी तिला फाटकातच गाठलं आणि वर नेलं. पाणी दिलं. मग सांगितलं, की बाई वारल्या.

"म्हणजे?"

"मेल्या. आता त्या उठणार नाहीत, बोलणार नाहीत."

तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. विचारलं, कुठे आहेत. खाली आहेत म्हटल्यावर ती उठून जिना उतरली. जमलेल्या बायकांनी तिला वाट दिली. ती बाईंपाशी बसली, त्यांच्या कपाळाला हात लावला, हाताला लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "गार." मग ती रडली. मोठ्याने, तोंड उघडून, ज्याला आम्ही मोठी माणसं लाजतो तसं. रात्री पुतण्या पोचला तेव्हाही ती तशीच रडत होती. तो अस्वस्थ झाला आणि मला हळूच म्हणाला, हिला वर घेऊन जाता का. मी म्हटलं, ती इथेच बसेल. थोड्या वेळाने पाहिलं, तर तोही रुमाल काढून रडत होता.

सकाळी घाटावरही ती आमच्याबरोबर आली. प्रशांतचा दंड दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. अग्नी दिला तेव्हा तिने विचारलं, बाईंना दुखेल का. प्रशांत म्हणाला, नाही, आता दुखत नाही. तिने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला उठवलं नाही. बेकरीच्या मालकांना फोन करून ती येणार नाही हे सांगावं, म्हणून फोन घेतला, तर ती आंघोळ करून केस विंचरत होती. डोळे सुजलेले. मी म्हटलं, आज नको जाऊ, आज घरी राहा माझ्याजवळ. तिने वेणीला रबर लावलं.

"शनिवार आहे," ती म्हणाली. "खारी लय लागते."

आणि गेली. मी रजा टाकली होती, मला कचेरीत जाण्याचं बळ नव्हतं. दिवसभर घरात इकडून तिकडे फिरले, जेवले नाही. खाली पुतण्या खोल्यांमधून हिंडत होता. घराचं पुढे काय, हे त्याने अजून ठरवलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही. संध्याकाळी फाटक वाजलं. जुई वर आली, चपला जागेवर ठेवल्या, हात धुतले. मी विचारलं, कसा गेला दिवस.

"रडली थोडी," ती म्हणाली. "मंग पाकिटं केली सारी."

आणि तिने जेवायला वाढायला सांगितलं. मीही माझं ताट घेतलं.